जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन: पंप उतरवण्यापूर्वी या चुका टाळा

चढाला गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते किंवा सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, अशी तक्रार घेऊन जुना ट्रक गॅरेजमध्ये आला की बहुतेक ठिकाणी पहिला संशय डिझेल पंपावर, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या इंजिनावरील पंपावर, घेतला जातो. पंप उतरतो, कॅलिब्रेशनला (डिझेलचे माप जुळवायला) जातो, मोठे बिल होते आणि गाडी रस्त्यावर आल्यावर तीच तक्रार पुन्हा उभी राहते. टाटाचे ६९७ किंवा कमिन्सचे ६बीटी यांसारखी, संगणकाशिवाय चालणारी इंजिने ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली आहेत, त्यांना ठाऊक असते की पंप हा सहसा सर्वांत शेवटी बिघडणारा भाग असतो आणि तो बिघडला तरी त्याच्या आधीच्या कुठल्या तरी भागाकडे झालेले दुर्लक्ष त्याला कारण असते.

हे मी आमच्याच गाडीवर शिकलो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी दोन मिनिटे चालून बंद पडत असे आणि एअर (डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा) काढली की दिवसभर नीट चालत असे. एका गॅरेजने पंप उघडून प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) बदलले, तरी तक्रार राहिलीच. अखेर दोष सापडला तो फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे देणाऱ्या छोट्या पंपाच्या) आधीच्या बँजो बोल्टखालील, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालील, तांब्याच्या वायसरमध्ये. ते पुन्हा पुन्हा वापरून कडक झाले होते. टाकी ते फीड पंप या भागात इंजिन डिझेल ओढत असते, त्यामुळे तेथील फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, तर हवा आत शिरते. जागा कोरडी दिसते आणि म्हणूनच तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

यासाठीची तपासणी अगदी स्वस्त आहे. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच जागी ठेवावा, त्यातून सरळ फीड पंपाला नळी द्यावी आणि गाडी चालवून पाहावी. तक्रार गेली, तर दोष टाकी, टाकीतील जाळी, रबरी होज किंवा जोड यांत आहे आणि पंपाला हात लावण्याचे कारण नाही. फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरती पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. एअर काढतानाही क्रम पाळावा लागतो: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा आणि त्यानंतरच नोझलकडील (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडील) पाइपांचे नट. तांब्याची वायसरे प्रत्येक वेळी नवी घालावीत. नोझलच्या बुडाशी असलेल्या वायसरवर दुसरे वायसर चढवण्याची सवय मात्र घातक आहे, कारण त्यामुळे नोझलची उंची बदलते आणि फवारा पिस्टनच्या खळग्यात जिथे पडायला हवा तिथे पडत नाही.

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर चुकत असेल, तर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करून आवाज ऐकावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मात्र सुटी केलेली नोझल फवारत असताना तिच्यासमोर बोट नेऊ नये. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते, वरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते आणि उपचाराला उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते. असे घडले तर दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

पंपातील प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट अवघी काही मायक्रॉनची असते आणि तिला वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून पाणी, धूळ आणि रॉकेलची भेसळ हे या पंपाचे खरे शत्रू आहेत. रॉकेल पातळ असल्याने त्यात वंगणाचा गुण कमी असतो. नवा फिल्टर बसवताना तो लवकर भरावा म्हणून मधल्या भोकातून कॅनमधील डिझेल ओतणे ही तितकीच मोठी चूक आहे, कारण ती गाळलेल्या डिझेलची बाजू असते आणि तिथे ओतलेली घाण थेट प्लंजरपर्यंत पोहोचते. फिल्टर हँड प्रायमरनेच (हाताने दाबायच्या छोट्या पंपानेच) भरावा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण कमाल १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आहे. त्यामुळे वंगण कमी पडून जुने पंप झिजतील या भीतीने काही जण टाकीत इंजिन ऑईल मिसळतात. डिझेलला वंगणाच्या गुणाची मर्यादा मानकानेच घालून दिलेली असते आणि ती पाळण्यासाठी गरजेप्रमाणे पूरक द्रव्य आधीच घातले जाते, त्यामुळे ऑईल मिसळून वाढतो तो मुख्यतः नोझलवरचा कार्बन. ज्या इनलाइन (प्लंजर एका ओळीत असलेल्या) पंपांच्या तळाशी स्वतंत्र ऑईल असते, त्यांचे ऑईल पाहणे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. प्लंजरवरून झिरपणारे डिझेल त्यात उतरून ते पातळ होते, म्हणून इंजिनाच्या ऑईलबरोबर तेही बदलावे.

पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेणे, ही माझ्या मते या सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. काळा धूर म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले, एवढाच त्याचा अर्थ असतो. गाडी ओढत नाही म्हणून डिझेल वाढवले, पण खरे कारण तुंबलेले एअर फिल्टर किंवा टर्बोनंतरचा फाटलेला होज असेल, तर पहिल्यापेक्षा जास्त धूर, जास्त उष्णता आणि थोड्याच दिवसांत तडकलेले हेड किंवा वितळलेला पिस्टन पदरात पडतो. निळसर धूर ऑईल जळण्याचा असतो. पांढऱ्या धुराला डिझेलचा वास असेल तर ते न जळलेले डिझेल असते, आणि पाण्याची पातळी घटत असताना गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जात आहे, असे समजून हेड गॅस्केटकडे वळावे.

ऊसवाहतुकीच्या मातीच्या रस्त्यांवर एअर फिल्टरकडे रोज पाहावे लागते. ऑईल बाथ फिल्टरमध्ये (हवेतील धूळ ऑईलमध्ये पकडणाऱ्या फिल्टरमध्ये) ऑईल खुणेपर्यंतच घालावे. जास्त झाले तर इंजिन ते ओढून घेते. कागदी फिल्टर बाहेरून जोरात हवा मारून साफ केला तर धूळ कागदात आणखी रुतते. ती आतून बाहेर आणि कमी दाबाने झाडावी, आणि मुळात फिल्टर वेळेवर बदलावा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की थर्मोस्टॅट नसलेला ट्रक पाहून कोणाला आश्चर्य वाटत नाही. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरमधून न जाताच फिरत राहतो, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापू शकते. सपाटीवर इंजिन थंड राहते, न जळलेले डिझेल लायनरवरचे (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावरचे) ऑईल धुऊन काढते आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) गाळ साचतो. तापण्याचे खरे कारण पुष्कळदा बोअरवेलच्या जड पाण्याने धरलेले क्षार, सैल फॅन बेल्ट किंवा कमजोर रेडिएटर कॅप हेच असते. वेट लायनरच्या (लायनरला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या) इंजिनात नुसते पाणी चालवले तर लायनरला बाहेरून बारीक भोके पडत जातात, म्हणून योग्य कूलंट हा अनावश्यक खर्च समजू नये. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी कधीही ओतू नये.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) वाजू नयेत म्हणून ते घट्ट करणारे फिटर आजही भेटतात. वाजणारा टॅपेट निदान कळतो, पण घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळतो. ६बीटीसाठी थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी फट ठेवतात. याच इंजिनाच्या पुढील गिअर हाउसिंगमधील डॉवेल पिन (भाग जागेवर धरणारी खिळी) सरकून टायमिंग गिअरमध्ये पडल्याची उदाहरणे अमेरिकेतील पिकअप ट्रकांमध्ये प्रसिद्ध आहेत, त्यामुळे पुढचे कव्हर उघडले असेल तेव्हा ती पिन पट्टी लावून अडकवून घ्यावी.

ऑईलची पातळी आपोआप वाढत असेल, तर आनंद मानण्यासारखे त्यात काही नाही. डिझेल किंवा पाणी चेंबरमध्ये उतरत आहे, हे त्याचे लक्षण आहे. पातळी फार वाढली की ब्रेदरमार्गे (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑईलच इंधन बनू शकते आणि स्टॉप केबल ओढूनही इंजिन बंद होत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करणे हाच उपाय असतो. त्यासाठी जाड फळी किंवा झाकण वापरावे, तळहात कदापि नाही.

डिझेल वाचवण्यासाठी कसारा किंवा खंबाटकी उतरताना गाडी न्यूट्रल करणारे चालक स्वतःचीच फसवणूक करत असतात. गिअरमध्ये राहून पाय काढला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा पंपातील भाग) रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) मागे ओढून डिझेल जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये आयडलपुरते डिझेल चालूच राहते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. गिअर मात्र इतकाही खालचा नसावा की उतारच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवील, कारण तिथे गव्हर्नर काहीच करू शकत नाही.

उसाचा हंगाम संपल्यावर पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी. अर्धवट टाकीत हवेतील बाष्प थंड होऊन पाणी जमते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचे आणि सेपरेटरचे (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचे) पाणी काढावे, स्टॉप केबल ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत मारावा आणि ऑईल प्रेशरच्या काट्याने हालचाल दाखवल्यानंतरच केबल सोडून इंजिन सुरू करावे.