गिटार प्रोसेसर आणि मिडी: जोडणी आणि बिघाडाचा शोध

डिजिटल गिटार इफेक्ट प्रोसेसरला मिडी कंट्रोलर, म्हणजे पायाने स्विच दाबून आज्ञा पाठवणारे उपकरण, जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच घोटाळा असतो: आवाजाची वाट आणि आज्ञांची वाट मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. मिडीच्या केबलमधून आवाज अजिबात जात नाही. अमुक क्रमांकाचा प्रीसेट (जतन करून ठेवलेली ध्वनीची मांडणी) लाव, डिले (आवाजाची उशिरा येणारी पुनरावृत्ती) बंद कर, रिव्हर्बचे (खोलीतल्या घुमण्याचे) प्रमाण इतके ठेव, अशा आज्ञा तेवढ्या जातात. या दोन वाटा वेगळ्या ठेवून, आधी आवाजाची आणि मग आज्ञांची, अशा क्रमाने तपासल्या तर एखादी संध्याकाळ खाणारा बिघाड अनेकदा दहा मिनिटांत सापडतो. हा क्रम मी कधीही बदलत नाही आणि वाचकांनीही बदलू नये, असा माझा आग्रह आहे.

आधी आवाज

मिडीची एकही केबल न लावता प्रोसेसर सुरू करावा, गिटार थेट त्याच्या इनपुटला जोडावी आणि एकही इफेक्ट नसलेल्या प्रीसेटवर वाजवून पाहावे. आवाज येत नसेल किंवा मध्येच तुटत असेल, तर दोष केबल, वीज किंवा पातळी यांपैकी एका ठिकाणी आहे आणि तो दूर होईपर्यंत मिडीला हात लावण्यात अर्थ नाही.

विजेकडे विशेष लक्ष द्यावे. ॲडॅप्टर बदलायचा असल्यास व्होल्टेज आणि प्लगची ध्रुवता जुळलीच पाहिजे आणि मिलिअँपिअरचा आकडा प्रोसेसरच्या गरजेइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. बरीच पेडल ९ व्होल्टवर आणि आतला भाग ऋण असलेल्या प्लगवर चालतात, पण सगळीच नाहीत. साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला (आवाज खरखरीत करणाऱ्या) थोडेसे मिलिअँपिअर पुरतात, तर डिजिटल प्रोसेसरला कित्येकदा काहीशे लागतात. वीज कमी पडली तरी स्क्रीन उजळते आणि सगळे ठीक वाटते, पण प्रीसेट बदलताना प्रोसेसर अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हे नेमके फूटस्विच दाबतानाच घडत असल्याने दोष मिडीच्या माथी मारला जातो.

आउटपुटची सेटिंगही याच वेळी ठरवून टाकावी. प्रोसेसर थेट मिक्सरला किंवा हेडफोनला जोडला असेल तर कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार ॲम्पच्या स्पीकर-पेटीची नक्कल, सुरू हवे. गिटार ॲम्पच्या स्पीकरमधून ऐकत असाल तर ते बंद हवे, नाहीतर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबलेला वाटतो.

केबल आणि खोबणी

पारंपरिक मिडी केबलच्या दोन्ही टोकांना पाच पिनांचा गोल डिन प्लग असतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ मानकानुसार संदेश ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांतून जातो, २ क्रमांकाची पिन केबलच्या आवरणासाठी असते आणि १ व ३ क्रमांकाच्या पिना मोकळ्या असतात. काही पेडलबोर्डांत या मोकळ्या पिनांतून फूट कंट्रोलरला वीजही पाठवली जाते. अशा जोडणीत कंट्रोलर उजळतच नसेल, तर केबलच्या आत पाचही तारा आहेत का हे पाहावे, कारण अनेक केबलांत तीनच असतात आणि बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

जोडणी नेहमी पाठवणाऱ्याच्या आउटपासून ऐकणाऱ्याच्या इनपर्यंत असते. इनला इन जोडले तर काहीच घडत नाही. थ्रू नावाच्या खोबणीतून इनमध्ये आलेले संदेश जसेच्या तसे पुढे जातात, त्या उपकरणाचे स्वतःचे संदेश मात्र त्यातून बाहेर पडत नाहीत. काही छोट्या पेडलांवर एकच खोबण असते आणि ती आउट म्हणून वापरायची की थ्रू म्हणून, हे मेन्यूत ठरवावे लागते. साखळीतले तिसरे पेडल गप्प असेल, तर सर्वांत आधी दुसऱ्या पेडलची ही सेटिंग पाहावी. साखळी तीन-चार उपकरणांपेक्षा लांबली की थ्रू बॉक्स, म्हणजे एकच संदेश अनेक उपकरणांना वाटणारी पेटी, घेणे बरे. मिडी केबलची लांबी १५ मीटरपेक्षा जास्त असू नये.

छोट्या पेडलांवर डिनऐवजी ३.५ मिमीचा, तर काहींवर ६.३५ मिमीचा स्टिरिओ जॅक असतो. इथे दोन पद्धतींचा गोंधळ आहे. ए प्रकारात डिनची ५ क्रमांकाची पिन जॅकच्या टोकाला आणि ४ क्रमांकाची पिन मधल्या कड्याला जोडलेली असते, बी प्रकारात नेमके उलट. २०१८ साली ए प्रकार मानक म्हणून स्वीकारला गेला, पण त्याआधीची बरीच उपकरणे बी प्रकारची आहेत. चुकीच्या प्रकारची केबल प्लगमध्ये अगदी चपखल बसते आणि तरीही एकही संदेश पोहोचत नाही. दोन्ही उपकरणांच्या पुस्तिका पाहूनच केबल किंवा अडॅप्टर निवडावा. गिटारची साधी मोनो केबल इथे वापरू नये.

यूएसबीबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: यूएसबीच्या जोडणीत एका बाजूला यजमान लागतो, म्हणजे संगणक किंवा यूएसबी होस्टची सोय असलेले उपकरण. प्रोसेसर आणि कंट्रोलर दोन्हींना फक्त संगणकाला जोडायची यूएसबी खोबण असेल, तर ते एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत.

पहिली आज्ञा

मिडीच्या एका केबलवर १६ चॅनेल असतात आणि प्रत्येक उपकरण आपल्या चॅनेलवरचेच संदेश मानते. कंट्रोलर १ वर पाठवत असेल आणि प्रोसेसर २ वर ऐकत असेल, तर जोडणी निर्दोष असूनही सगळे गप्प राहते. हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे प्रोसेसरचे ओम्नी काही क्षण सुरू करणे, म्हणजे तो सर्व चॅनेलवरचे ऐकू लागतो. ओम्नी सुरू करताच प्रतिसाद मिळाला, तर केबल ठीक आहे आणि चूक चॅनेलची आहे, हे सिद्ध झाले. त्यानंतर ओम्नी बंद करून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र चॅनेल द्यावे.

पहिली आज्ञा प्रोग्राम चेंजची असावी, म्हणजे प्रीसेट बदलण्याची. तिच्यात ० ते १२७ अशी १२८ मूल्ये असतात. काही उत्पादक ती ० पासून मोजतात, काही १ पासून. त्यामुळे कंट्रोलरवर ५ दाबल्यावर प्रोसेसरवर ४ किंवा ६ उघडतो. फरक सगळीकडे बरोबर एकाचा असेल, तर तो मोजणीचा आहे आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये सुटतो. फरक अनियमित असेल, तर प्रोसेसरमधला प्रोग्राम मॅप पाहावा. या तक्त्यात कोणत्या क्रमांकाला कोणता प्रीसेट उघडायचा हे ठरलेले असते आणि तो कोणीतरी आधी बदललेला असू शकतो.

प्रीसेट एका गटात चार, ए ते डी, असे मांडलेले असतील तर क्रमांक काढण्याची रीत अशी: गटाच्या क्रमांकातून एक वजा करून चारने गुणावे आणि गटातले स्थान शून्यापासून मोजून मिळवावे. पहिला गट ०१ धरला तर १२सी साठी ११ गुणिले ४ अधिक २, म्हणजे ४६, आणि १ पासून मोजणाऱ्या कंट्रोलरवर ४७.

प्रोसेसरमध्ये १२८ पेक्षा जास्त प्रीसेट असतील, तर आधी बँक निवडावी लागते. त्यासाठी कंट्रोल चेंज (एखादे मूल्य ठरवणारी आज्ञा) ० आणि ३२ हे क्रमांक आहेत. यापैकी कोणता किंवा दोन्ही लागतात हे पुस्तिकेत दिलेले असते. बँकेची आज्ञा आधी आणि प्रोग्राम चेंज नंतर, हा क्रम उलटला तर जुन्याच बँकेतला प्रीसेट उघडतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर मात्र बरोबर उघडतो. असे दिसले की क्रमावरच संशय घ्यावा.

इफेक्ट चालू-बंद करताना

कंट्रोल चेंजमध्ये एक क्रमांक आणि ० ते १२७ मधले एक मूल्य असते. चालू-बंदसाठी साधारणपणे ० ते ६३ म्हणजे बंद आणि ६४ ते १२७ म्हणजे चालू. इथे दोन तक्रारी हमखास येतात. इफेक्ट पाय दाबलेला असेपर्यंतच ऐकू येत असेल, तर कंट्रोलरचा स्विच मोमेंटरी आहे, म्हणजे दाबताना १२७ आणि सोडताना ० पाठवतो. त्याला टॉगल करावे. इफेक्ट सुरू होतो पण बंदच होत नसेल, तर कंट्रोलर दर वेळी १२७ पाठवत आहे. त्याला १२७ आणि ० आलटून पालटून पाठवायला सांगावे. माझ्या बोर्डावर असा एक डिले होता. बिघाड पेडलचा आहे असे समजून मी तो उघडण्याच्या बेतात होतो आणि प्रत्यक्षात बदलायची होती कंट्रोलरच्या मेन्यूतली एक ओळ.

टॉगलचीही एक मर्यादा आहे. प्रीसेट बदलला की कंट्रोलरच्या मनातली स्थिती आणि प्रोसेसरमधली खरी स्थिती वेगळ्या होऊ शकतात. दिवा लागलेला, इफेक्ट बंद, असा प्रकार मंचावर फार त्रास देतो. म्हणून प्रत्येक प्रीसेटच्या आज्ञेबरोबर आवश्यक इफेक्टची स्थितीही स्पष्ट पाठवावी: हा चालू, तो बंद.

एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने पुढे-मागे करून मूल्य हळूहळू बदलणारे पेडल, जोडल्यावर आधी त्याचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे टाच आणि टोक या दोन्ही टोकांना ० आणि १२७ मिळतात. पेडल मध्येच उडी मारत असेल किंवा उलटे चालत असेल, तर ध्रुवतेचा स्विच तपासावा आणि केबल स्टिरिओ असल्याची खात्री करावी. हे पेडल कंट्रोल चेंज ७ ला, म्हणजे आवाजाच्या पातळीला जोडलेले असेल आणि टाचेवर विसावले असेल, तर आवाज शून्य होतो. आवाज अचानक गेला की आधी हे पेडल पुढे दाबून पाहावे.

प्रीसेट बदलताना आवाजात पडणाऱ्या खंडाचा दोषही मिडीवर ढकलला जातो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे. एका बाइटला १० बिट लागतात, त्यामुळे तीन बाइटांची कंट्रोल चेंजची आज्ञा सुमारे एक मिलिसेकंदात पोहोचते. खंड पडतो तो प्रोसेसरला नवा प्रीसेट भरायला लागणाऱ्या वेळामुळे. त्यावर उपाय म्हणजे एका गाण्याचे सगळे ध्वनी एकाच प्रीसेटमध्ये सीन किंवा स्नॅपशॉट म्हणून ठेवणे आणि गाण्यांच्या मध्येच प्रीसेट बदलणे.

टेम्पो, प्रतिध्वनी आणि घरघर

मिडी क्लॉक, म्हणजे टेम्पो जुळवणारा संदेश, एका क्वार्टर नोटला (तालाच्या एका मात्रेला) २४ ठोके पाठवतो. मिनिटाला १२० च्या टेम्पोवर ते सेकंदाला ४८ होतात. क्लॉक पाठवणारे उपकरण एकच असावे, बाकी सर्वांचे क्लॉक पाठवणे बंद करावे. संगणकाच्या क्लॉकमध्ये किंचित चढउतार असला तर डिलेची वेळ सतत सूक्ष्म बदलते आणि आवाजाचा सूर थरथरतो. असे झाल्यास क्लॉकचा हट्ट सोडून टेम्पो प्रीसेटमध्येच लिहून ठेवावा. १२० ला क्वार्टर नोटचा डिले ५०० मिलिसेकंद आणि डॉटेड एट्थचा (पाऊण मात्रेचा) ३७५ मिलिसेकंद येतो.

कोणीही हात न लावता प्रीसेट भराभर बदलत असतील किंवा प्रोसेसर गोठत असेल, तर बहुधा संदेश गोल फिरत आहेत: संगणक प्रोसेसरला पाठवतो, प्रोसेसर तेच परत देतो, संगणक पुन्हा पाठवतो. संगणकातील मिडी थ्रू बंद करताच हे थांबते.

मिडी जोडल्यावर सुरू होणारी घरघर मात्र बहुधा यूएसबीतून येते. डिन जोडणीत ऐकणाऱ्या बाजूला संदेश प्रकाशाच्या रूपाने आत घेतला जातो, त्यामुळे दोन उपकरणांच्या जमिनीच्या तारा एकत्र येत नाहीत. यूएसबीत तसे संरक्षण सहसा नसते. यूएसबी केबल काढताच घरघर थांबली, तर आज्ञा डिनने पाठवाव्यात किंवा यूएसबी आयसोलेटर लावावा.

तरीही सापडत नसेल तर

कंट्रोलर प्रोसेसरऐवजी संगणकाला जोडावा आणि विंडोजवर मिडी-ऑक्स किंवा मॅकवर मिडी मॉनिटर उघडून एकेक स्विच दाबावा. चॅनेल, प्रकार, क्रमांक आणि मूल्य पडद्यावर दिसते, तर्काला जागाच उरत नाही. संदेश योग्य असेल तर प्रोसेसरच्या पुस्तिकेतील मिडी इम्प्लिमेंटेशन तक्ता उघडावा. त्यात पाठवणे आणि ओळखणे असे दोन स्तंभ असतात; गोल म्हणजे होय, फुली म्हणजे नाही. ओळखण्याच्या स्तंभात फुली असलेली आज्ञा कितीही वेळा पाठवली तरी प्रोसेसर ती मानणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली प्रत्येक सेटिंग लिहून ठेवावी. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी आणि फर्मवेअर (प्रोसेसरच्या आतले सॉफ्टवेअर) बदलण्याआधीही सर्व प्रीसेट, प्रोग्राम मॅप आणि ग्लोबल सेटिंग संगणकावर जतन करावीत, कारण अनेक प्रोसेसरांत प्रीसेट आणि ग्लोबल सेटिंग यांच्या प्रती वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. फर्मवेअर भरताना वीज आणि यूएसबी केबल हलवू नये, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर हे काम हाती घेऊच नये.