कॉर्न डॉग घरी करताना: पीठ सॉसेजला धरून कसं राहील?

सामान आणायला निघताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानात पिवळं मक्याचं पीठ मागायचं, कॉर्नफ्लोअर नाही. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र भुकटी मिळते तो मक्याचा निव्वळ स्टार्च असतो, मंचुरियनचा रस्सा दाट करायला वापरतात तो. कॉर्न डॉगला लागतं ते अख्ख्या दाण्याचं जाडसर दळलेलं पिवळं पीठ. अमेरिकेत त्याला कॉर्नमील म्हणतात. नावातल्या सारखेपणामुळे माझा पहिला घाणा वाया गेला. आवरण पांढरट आणि चिवट झालं, त्याला मक्याची चवही नव्हती. किराणा दुकानात मिळणारं मक्याचं पीठ बारीक असतं, तेही चालतं. पण गिरणीत मका थोडा भरड दळून मिळाला किंवा पिठात दोन चमचे मक्याचा रवा घातला, तर दाताखाली जो कुरकुरीतपणा येतो त्याला तोड नाही.

कॉर्न डॉग हा अमेरिकेतल्या जत्रांचा खाऊ. काडीला टोचलेलं सॉसेज मक्याच्या गोडसर पिठात बुडवून तळायचं आणि चालता चालता खायचं. टेक्सासच्या डॅलस शहरात दरवर्षी सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या स्टेट फेअरमध्ये नील आणि कार्ल फ्लेचर या भावांनी 1940 च्या सुमारास तो ‘कॉर्नी डॉग’ या नावाने विकायला सुरुवात केली, आणि त्यांच्या घराण्याच्या टपऱ्यांपुढे आजही रांगा लागतात. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला एड वाल्डमायर यांनी 1946 मध्ये ‘कोझी डॉग’ आणला, तो रूट 66 या जुन्या महामार्गावरून जाणाऱ्यांचा ठरलेला थांबा झाला. पहिला कोण, यावर तिकडे अजून वाद चालतो. पण काडीवर टोचून, पिठात बुडवून तळायच्या यंत्रासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या स्टॅन्ली जेनकिन्स यांनी 1927 मध्येच पेटंटचा अर्ज केला होता, आणि त्यात सॉसेजबरोबर उकडलेली अंडी, चीज, केळी, अननस असं बरंच काही होतं. म्हणजे काडीवर काय टोचायचं याची मोकळीक सुरुवातीपासूनच आहे.

आपल्याला बटाटेवडे तळायची सवय असल्यामुळे हे काम अवघड वाटत नाही. फरक एवढाच की उकडलेला बटाटा कोरडा आणि खरबरीत असतो, पीठ त्याला लगेच धरतं. सॉसेज मात्र गुळगुळीत, ओलसर आणि तेलकट असतं. पुढच्या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच आहे.

लागणारं सामान (8 ते 10 नग)

चिकन किंवा पोर्कची साधी फ्रँकफर्टर पद्धतीची (हॉट डॉगमध्ये असतात तशी) शिजवलेली सॉसेजेस 8 ते 10. मक्याचं पीठ 120 ग्रॅम, मैदा 120 ग्रॅम, साखर 2 मोठे चमचे, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, अंडं 1, दूध सुमारे 200 मिली, तेल 1 मोठा चमचा. वरून भुरभुरायला 3 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, हो, तेच पांढरं, इथे मात्र ते कामाचं आहे. तळणीला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल, आणि काड्या.

मैदा वगळू नका. मक्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या मक्याच्या पिठाचं आवरण तेलात भुगा होऊन पसरतं. मैदा त्याला बांधून ठेवतो. साखरेने गोडी आणि तांबूस रंग येतो, पण जास्त घातली तर आतलं शिजायच्या आत बाहेरचं करपतं. मीठ कमीच ठेवा, सॉसेज मुळात खारट असतं. गोव्याचं चोरीस आवडतं म्हणून इथे वापरू नका. ते कच्चं आणि मसालेदार असतं, तीन-चार मिनिटांच्या तळणीत आतून शिजत नाही आणि त्याची लाल चरबी तेलात उतरते. कोणतंही कच्चं सॉसेज वापरायचं झाल्यास आधी पूर्ण शिजवून, गार करून घ्या.

काड्या जरा जाड हव्यात, चार-पाच मिलिमीटरच्या. कबाबच्या बारीक सळया वजनाने वाकतात आणि सॉसेज गोल फिरतं. त्याच मिळाल्या तर दोन-दोन जोडून टोचा. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या उत्तम. काड्या पाण्यात भिजवून घ्या असं कुठे वाचलं असेल तर तो सल्ला निखाऱ्यावरच्या कबाबासाठी आहे. ओलं लाकूड गरम तेलात गेलं की तेल उडतं.

सॉसेजची तयारी

फ्रीझरमधली सॉसेजेस आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. मग उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाकून काढा, म्हणजे आतपर्यंत गरम होतात आणि वरची चरबीही थोडी सुटते. आता ती कोरड्या पंचावर पसरून नीट टिपा आणि दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. पाण्याचा अंश राहिला तर तेलात गेल्यावर त्याची वाफ होते, ती वाफ आवरणाला आतून ढकलते आणि पीठ मोज्यासारखं निघून येतं. कॉर्न डॉग बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, तेलात नाही.

काडी मधोमध, सॉसेजच्या पाऊण लांबीपर्यंत घाला. टोक आरपार काढू नका. मग कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून जास्तीचं झटकून टाका. सॉसेजवर पातळ पांढरी झिलई दिसली की पुरे.

पीठ भिजवणं

सगळी कोरडी पिठं, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात अंडं, तेल आणि 180 मिली दूध फेटून घ्या आणि ते पिठात ओता. हलक्या हाताने कालवा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. दहा मिनिटं झाकून ठेवा. मका पाणी सावकाश पितो, त्यामुळे दहा मिनिटांनी पीठ दिसतं त्याहून दाट झालेलं असतं. तेव्हाच ठरवा उरलेलं दूध घालायचं की नाही. बटाटेवड्याच्या पिठापेक्षा दाट हवं, मेदूवड्याइतकं घट्ट नको. चमचा उचलल्यावर पीठ रुंद पट्टीने सावकाश उतरलं पाहिजे, आणि चमच्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली पाहिजे.

हे पीठ उंच, अरुंद ग्लासात ओता. लस्सीचा स्टीलचा ग्लास छान कामी येतो. पसरट भांड्यात सॉसेज लोळवावं लागतं आणि एका बाजूला पीठ कमी बसतं. ग्लासात ते सरळ खाली जातं आणि सरळ वर येतं. दोन घाण्यांच्या मध्ये ग्लास फ्रीजमध्ये ठेवा, स्वयंपाकघराच्या उष्णतेने पीठ सैल होत जातं.

तळणं

तेल 175 ते 180 अंश सेल्सिअस हवं. जेनकिन्स यांच्या पेटंटमध्ये 390 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 200 सेल्सिअस सांगितलं आहे, पण घरच्या कढईत एवढ्या तापात हे गोड पीठ काळं पडतं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा. तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला आणि भोवती बुडबुडे धरले की तेल झालं. टाकताच वर उसळून तांबूस झाला तर आच कमी करा.

काडी धरून सॉसेज ग्लासात पूर्ण बुडवा, काडीचा पाऊण इंच भागही पिठात जाऊ द्या म्हणजे तिथलं तोंड बंद होतं. गोल फिरवत वर काढा, थेंब गळायचा थांबेपर्यंत फिरवत राहा आणि लगेच तेलात आडवं सोडा. मात्र काडी लगेच सोडू नका. पाच-सहा सेकंद हातात धरून हळूहळू फिरवा, म्हणजे आवरण सगळीकडून धरतं, कढईच्या बुडाला चिकटत नाही. मग सोडून द्या. जड बाजू खाली जाईल, तिला चिमट्याने उलटत राहा. तीन ते चार मिनिटांत गडद सोनेरी रंग येतो.

एका वेळी दोन, फार तर तीन. जास्त टाकले की तेल थंडावतं आणि आवरण तेल पितं. कढई लहान असेल तर सॉसेज अर्धं करून छोटे कॉर्न डॉग करा, वाढदिवसाला तेच बरे पडतात. एक काळजी मात्र घ्याच: काडी कढईच्या काठाबाहेर, गॅसच्या ज्योतीवर येऊ देऊ नका. कोरडी काडी पेट घेते. आखूड काड्या किंवा रुंद कढई, दोन्हींतलं एक असू द्या. काढल्यावर कागदावर लोळत ठेवण्यापेक्षा जाळीवर ठेवले तर खालची बाजू मऊ पडत नाही.

सॉसेज नको असेल तर मोझरेला चीजचे बोटभर जाड तुकडे काडीला टोचून अर्धा तास फ्रीझरमध्ये घट्ट करा. पुढचं सगळं तसंच, फक्त पिठानंतर ब्रेडचा चुरा लावा आणि वेळ दोन मिनिटांवर आणा, नाहीतर चीज आवरण फोडून बाहेर येतं. कोरियात असे चीजचे हॉट डॉग तळून वरून साखर लावून देतात. मला ती साखर फार आवडते.

खाताना पिवळी मोहरी लावायची, काडीच्या टोकापासून खालपर्यंत एक लांब नागमोडी रेघ. अमेरिकन मस्टर्डचा तो पिवळा रंग हळदीचा असतो आणि चव व्हिनेगरची आंबट, आपल्या फेसलेल्या मोहरीसारखी नाकात जाणारी नाही. म्हणून ती सढळ हाताने लावता येते. लहान मुलांना देताना काडी काढून घ्या आणि सॉसेज उभं चिरून मग तुकडे करा. गोल चकत्या घशात अडकू शकतात. उरलेले कॉर्न डॉग पूर्ण गार झाल्यावर फ्रीझरमध्ये ठेवता येतात. परत गरम करायला ओव्हन किंवा एअर फ्रायर 180 अंशांवर, दहा-बारा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये आवरण ओलं आणि लिबलिबीत होतं.