तिसरा जिनिव्हा करार वाचायला घेताना

एलएलएमच्या (कायद्यातील पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षी मी १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार पहिल्या कलमापासून क्रमाने वाचायला घेतला आणि चाळिसाव्या कलमापाशी थांबले. युद्धकैद्यांविषयीचा हा १४३ कलमांचा करार एखादे प्रकरण हाताशी धरून वाचावा, हे नंतर उमगले. माझ्यासाठी ते प्रकरण १९७१ चे होते.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात आले. प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवावे, असे कलम ११८ सांगते. पाठवणी मात्र एप्रिल १९७४ मध्ये पूर्ण झाली. शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त कमांडपुढे झाल्यामुळे बांगलादेशाच्या संमतीखेरीज कैदी सोडता येणार नाहीत, अशी भारताची भूमिका होती. बांगलादेशाला त्यांपैकी १९५ जणांवर खटले चालवायचे होते. फौजदारी कारवाई प्रलंबित असलेल्या कैद्याला ठेवून घेण्याची मुभा कलम ११९ देते, पण ती उरलेल्या हजारोंना लागू होत नाही. भारतीय विद्यार्थ्यानेही हे स्पष्टपणे लिहावे, असे मला मनापासून वाटते. त्या १९५ जणांवरील खटल्यांविरुद्ध पाकिस्तानने मे १९७३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेला दावा त्याच डिसेंबरात मागे घेतल्याने त्यावर निकाल झालाच नाही.

कराराची परिशिष्टे वगळू नका. कलम ७० नुसार कैद्याला छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी एक कार्ड पाठवू द्यावे लागते, आणि त्याचा नमुना चौथ्या परिशिष्टात छापलेला आहे. नाव, वडिलांचे नाव, हुद्दा, क्रमांक, आणि खाली ‘प्रकृती चांगली’, ‘किरकोळ जखमी’, ‘गंभीर जखमी’ असे पर्याय, ज्यांतले लागू नसतील ते कैद्याने खोडायचे. आणखी काही लिहायचे नाही. तो नमुना पाहिल्यावर, घरी वाट पाहणाऱ्या माणसांचा विचार करून ही कलमे लिहिली गेली आहेत, हे मला प्रथम जाणवले.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक बंदिवानाला युद्धकैदी म्हणणे. तो दर्जा कोणाला मिळतो हे कलम ४ ठरवते. शंका असल्यास सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत कलम ५ संरक्षण कायम ठेवते. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात हा दर्जा मिळत नाही. तिथे चारही करारांत सामाईक असलेले कलम ३ किमान आधार देते. त्यासाठी ग्वांतानामोतील बंदिवानाच्या दाव्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेला हमदान निकाल वाचावा. निकालपत्र मोठे आहे, म्हणून पहिल्या वाचनात कलम ३ ची चर्चा तेवढी काढून वाचली तरी चालेल.