अनुदानाचा अर्ज कुठे अडकतो? छोट्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

अर्ज वाचणारा पहिल्या पानापासून सुरुवात करतो, असं अर्ज लिहिणाऱ्यांना वाटतं. मी तसं करत नाही. आधी अंदाजपत्रक उघडतो. पैसे कशावर जाणार आहेत ते बघून ही मंडळी नेमकं काय करणार, याचं चित्र मनाशी उभं करतो आणि मग मजकुराकडे वळतो. दोन्हीकडे एकच काम दिसलं की बरं वाटतं. मजकुरात घरोघरी जाऊन समुपदेशन आणि अंदाजपत्रकात प्रवासखर्चाची ओळच नाही, असं निघालं की शंका येते. एकदा आलेली शंका पुढच्या पानांवरच्या चांगल्या भाषेने जात नाही.

छोट्या संस्थांचे जे अर्ज परत जातात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं : कशाचा तरी कशाशी तरी मेळ बसलेला नसतो. माणसं प्रामाणिक असतात, कामही खरं असतं, पण कागदावर ते चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितल्यासारखं उतरतं. खालच्या चुका काही मी स्वतः केल्या आहेत, काही दुसऱ्यांच्या अर्जांत इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता लांबूनच ओळखू येतात.

दार चुकणं

'सगळीकडे अर्ज टाकून ठेवू, दहातला एखादा लागेलच.' अनुदान म्हणजे सोडत नव्हे. कोणत्या भागात काम हवं, कोणत्या वयाच्या लोकांसाठी, केवढ्या उलाढालीच्या संस्थेला द्यायचं, किती वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब मागायचे, पैसे वस्तू-बांधकामासाठी की रोजच्या खर्चासाठी, हे दाता संस्थेने आधीच ठरवलेलं असतं. यातली एक अट बसत नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो, कुणी वाचतही नाही. तुमचे तीसेक तास मात्र गेलेले असतात.

उपाय कंटाळवाणा आहे. नियम छापून घ्या आणि प्रत्येक अटीसमोर 'हो' किंवा 'नाही' लिहा. 'साधारण हो' म्हणजे नाही. मग त्या संस्थेने गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला पैसे दिले, ती यादी शोधा. नियमांत 'छोट्या संस्थांना प्राधान्य' लिहिलेलं असतं आणि यादीत सगळी मोठमोठी नावं सापडतात. अशा वेळी यादीवर विश्वास ठेवावा.

तरीही शंका उरली तर फोन करा. फक्त 'आम्ही अर्ज करू का?' असं विचारू नका, उत्तर 'करा की' असंच येणार. 'आमच्या खर्चातला ६० टक्के भाग मानधनाचा आहे, या योजनेत तो चालतो का?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दार चुकण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त महाग पडतो. योजना डिजिटल साक्षरतेची आहे म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटी देणारी संस्था एकाएकी संगणकाचे वर्ग काढते. पैसे मिळतातही. मग वर्षभर कुणालाच नको असलेला वर्ग चालवावा लागतो, भेटी मागे पडतात आणि पुढच्या अर्जात 'आपली संस्था काय करते' या साध्या रकान्यापाशी सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

गरज कुणाची?

'आमच्याकडे गाडी नाही, म्हणून गाडीची नितांत गरज आहे.' ही संस्थेची गरज झाली, वाचणाऱ्याला लोकांची हवी असते. हेच असं लिहून बघा : आमच्याकडे नोंद असलेल्या ११ जणांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, त्यातल्या ४ जणांची महिन्यातून एक तरी फेरी वाहन न मिळाल्यामुळे चुकते. आता गाडी मागायला वेगळी विनवणी करावी लागत नाही. शिवाय लिहिता लिहिता तुमच्याच लक्षात येईल की चार जणांसाठी गाडी विकत घेण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी भाड्याने लावणं परवडतं.

सुरुवातीलाच देशाची किंवा जगाची आकडेवारी ओतू नये. ती दाता संस्थेला तुमच्यापेक्षा चांगली पाठ असते. तिच्याकडे नसते ती तुमची हजेरीवही.

किती केलं आणि काय बदललं

'५० सत्रं घेणार, ४०० जणांपर्यंत पोहोचणार.' बरं, पोहोचून काय होणार? सत्रं हे केलेलं काम, ४०० हा गर्दीचा आकडा. त्या ४०० जणांच्या आयुष्यात सहा महिन्यांनी कोणती गोष्ट वेगळी असेल आणि ती तुम्हाला कशी कळेल, हे अर्जात हवं. ते कळायला आज काय परिस्थिती आहे हेही मोजलेलं असावं लागतं. वर्षअखेरीस 'वाचनात सुधारणा झाली' असं लिहायचं असेल तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घेऊन नोंद ठेवायला हवी. हे अर्ज मंजूर झाल्यावर सुचून उपयोग नसतो.

काही अर्जांत 'लॉगफ्रेम' नावाचा तक्ता मागतात. अमेरिकेच्या यूएसएआयडी या परदेशी मदत संस्थेसाठी १९६९च्या सुमारास तो तयार झाला आणि नंतर जगभर पसरला. नेहमीच्या रूपात चार ओळी, चार रकाने. पहिले तीन लोक भरतात : काय करणार, ते कशावरून ओळखणार, पुरावा कुठे मिळणार. चौथा रकाना गृहीतकांचा, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण खऱ्या ठराव्या लागणाऱ्या गोष्टींचा. शाळा खोली देईल, पालक संध्याकाळी मुलांना पाठवतील, वगैरे. इथे बरेच जण 'लागू नाही' लिहून मोकळे होतात. या तक्त्यातला हा रकाना मी सगळ्यात आधी वाचतो. काय बिघडू शकतं हे ज्यांना माहीत असतं, त्यांनी ते काम आधी कधीतरी केलेलं असतं.

आणि आश्वासनं कमी द्या. अर्धवेळ काम करणाऱ्या दोन माणसांच्या बळावर वर्षभरात परिसरातली व्यसनाधीनता संपवण्याचा दावा मी वाचलेला आहे.

अंदाजपत्रक

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात. गंमत अशी की छोट्या संस्था इथे फुगवून मागतात म्हणून पडत नाहीत. कमी मागतात म्हणून पडतात.

उदाहरण घेऊ. शाळेनंतरचा वाचनवर्ग, आठवड्यातून दोनदा, दीड दीड तास, वर्षात ४० आठवडे. शिकवणाऱ्या ताईंचे तास किती? संस्था लिहिते : आठवड्याला ३ प्रमाणे १२०. प्रत्यक्षात वर्गाआधीची मांडामांड आणि नंतरची आवराआवर मिळून आठवड्याला एक तास जातो. न आलेल्या मुलांच्या घरी जाणं, पालकांशी बोलणं, दीड तास. नोंदी आणि हिशोब एक तास, स्वयंसेवकांबरोबर बसणं अर्धा तास. झाले ७. वर्षाचे २८०. मधले १६० तास कुणाच्याही हिशोबात नाहीत आणि ताई ते फुकट देतात. सहाव्या महिन्यात त्यांना दुसरीकडे नोकरी लागते आणि वर्ग बंद पडतो. हे वाचणाऱ्याला अर्जावरूनच दिसतं. कमी रकमेला तो स्वस्त काम समजत नाही, न झेपणारं काम समजतो.

तेच वरखर्चाचं. जागाभाडं, वीज, फोन, हिशोबनीस, ऑडिट. हे मागायला लाज वाटते म्हणून अंदाजपत्रकात शून्य टाकतात. २०१३मध्ये अमेरिकेत गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांची माहिती तपासून देणाऱ्या, तीन संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं : केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून एखाद्या संस्थेची लायकी ठरवू नका. त्याच देशात सरकारी अनुदानावर, वेगळा दर ठरवून न घेतलेल्या संस्थेला अप्रत्यक्ष खर्चापोटी, म्हणजे वरखर्चापोटी, सरसकट १० टक्के लावता येत, ऑक्टोबर २०२४पासून ही मर्यादा १५ टक्के झाली. भारतात उलट दिशेने झालं. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे सगळीकडे चालणारा एकच आकडा नाही. ज्या दारात उभे आहात तिथला नियम बघा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथली व्याख्या बघा. समन्वयकाचं मानधन एका ठिकाणी प्रकल्पखर्च असतं, दुसरीकडे प्रशासकीय.

वाटणी करताना आधार सांगा. खोली आठवड्याला ४० तास वापरात असते आणि मांडामांड-आवराआवर धरून त्यातले ४ तास या वर्गाचे आहेत, तर भाड्यातला १० टक्के वाटा या प्रकल्पाचा. एवढं एक वाक्य लिहिलं की त्या ओळीवर प्रश्न येत नाही. 'इतर खर्च' या ओळीत मोठी गोल रक्कम टाकली की हमखास येतो.

अजून काही, भराभर. प्रत्येक ओळ मजकुरात सापडली पाहिजे आणि मजकुरातलं प्रत्येक काम कुठल्यातरी ओळीत. प्रकल्प एका वर्षाहून मोठा असेल तर भाववाढ धरा. स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली जागा यांची किंमत वेगळ्या रकान्यात दाखवा, काही ठिकाणी संस्थेचा हिस्सा म्हणून ती धरतात. आणि पैसे आगाऊ मिळणार की खर्च केल्यावर, हे आधी विचारा. खर्च करून बिलं पाठवल्यावर तीन महिन्यांनी परतफेड होणार असेल, तर ते तीन महिने कशावर काढणार? मंजूर अनुदान हातात असूनही मानधन थकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

कागद आणि पोर्टल

नोंदणी प्रमाणपत्रावर एक नाव, बँक खात्यावर त्याचंच अर्धं रूप, ठरावावर तिसरं. मुदत संपलेलं प्रमाणपत्र. सहीचा अधिकार असलेले विश्वस्त नेमके परगावी. हे सगळं एका फोल्डरमध्ये वर्षभर तयार ठेवावं. शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या तासात पोर्टल रडतं, हे सांगायची गरज नसावी. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळानुसार आहे, हे मात्र बघा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण. फॉर्ममध्ये '१००० अक्षरं' लिहिलेलं असलं तरी संगणक मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजतो. 'संस्था' हा दोन अक्षरी शब्द त्याच्या लेखी सहा चिन्हांचा असतो. त्यामुळे वहीत बरोबर बसलेलं उत्तर रकान्यात मध्येच कापलं जातं आणि काही पोर्टलं ते न सांगता कापतात. मजकूर त्याच रकान्यात चिकटवून शेवटची ओळ दिसते का, ते तपासा.

लिहिणारा एक, करणारे दुसरेच

टक्केवारीवर अर्ज लिहून देणारे लोक भेटतात : 'मंजूर झालं तर दहा टक्के द्या.' असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत असा टक्केवारीचा मोबदला घ्यायला सदस्यांना मनाई आहे. ती टक्केवारी भरायची कुठून, हाही प्रश्नच असतो, कारण अनुदानाच्या पैशातून अर्ज लिहिण्याची फी देणं बहुतेक करारांत बसत नाही. मदत घ्यायचीच तर ठरलेल्या फीवर घ्या.

एआयकडून लिहून घेतलेल्या अर्जांची अडचण वेगळी आहे. ते वाईट नसतात, एकमेकांसारखे असतात. वीस अर्जांत 'सर्वसमावेशक आणि शाश्वत बदल' आला की एकविसाव्यात डोळे मिटतात. भाषा तपासायला खुशाल वापरा, पण हजेरीवहीतला आकडा आणि ताईंनी सांगितलेली अडचण तुम्हालाच घालावी लागेल. ताईंना अर्ज पाठवण्याआधी वाचायला द्या. १२० तास बघून त्या हसल्या तर काय दुरुस्त करायचं ते कळेल.

नकार आला तर

कोणत्या टप्प्यावर आला, ते आधी बघा. आठवडाभरातच आला असेल तर अट चुकली आहे किंवा कागद कमी आहे. भाषा सुधारत बसू नका. गुण दिल्यानंतर आला असेल तर गुण मागा आणि सगळ्यात कमी मिळालेला भाग तेवढा पुन्हा लिहा. शेवटच्या यादीतून गेला असेल तर बहुधा पैसेच संपले होते, तोच अर्ज थोडा ताजा करून पुढच्या फेरीत द्या. अभिप्राय मागताना वाद घालू नका. एक ईमेल, दोन प्रश्न, आभार.

मंजूर झालं तर

करारपत्र सगळ्या कार्यकारिणीने वाचावं, एकट्या सचिवांनी नाही. एका खर्चशीर्षातले पैसे दुसरीकडे वळवायला बहुतेक ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते. वळवून झाल्यावर सांगितलं तर ते परत करावे लागू शकतात. अडचण असेल तर पहिल्या तिमाहीतच कळवा. वाचनवर्गाच्या ताईंची तासांची वही तीन महिन्यांनी उघडली आणि आठवड्याला ७ ऐवजी ८ तास जात आहेत असं दिसलं, तर त्या वहीच्या पानांचे फोटो जोडून त्याच आठवड्यात पत्र लिहा : साहित्याच्या ओळीतून एवढी रक्कम मानधनात वळवायची आहे, कारण असं आहे.