प्रदूषण मंडळाचं काम मोजताय? या चुका टाळा

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नियमांची अंमलबजावणी कितपत करतं, यावरचे अभ्यास माझ्याकडे वाचायला येतात. कधी विद्यार्थ्यांचे प्रबंध, कधी संस्थांचे अहवाल, कधी पत्रकारांच्या मालिका. विषय मोलाचा असतो, मेहनतही खरी असते, पण चुका त्याच त्या. त्यातल्या दोन चुकांनी चांगले अभ्यास वाया गेलेले पाहिलेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

नोटिसा मोजून निष्कर्ष काढणं

वार्षिक अहवालात तक्ता असतो: तपासण्या इतक्या, कारणे दाखवा नोटिसा इतक्या, बंदचे आदेश इतके. तो उचलायचा, आलेख काढायचा आणि लिहायचं, ‘अंमलबजावणीत लक्षणीय वाढ.’ पण नोटीस म्हणजे कारवाईची सुरुवात. जल कायदा १९७४ चं कलम ३३-अ आणि हवा कायदा १९८१ चं कलम ३१-अ यांखाली मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतं. प्रत्यक्ष तोडणारे मात्र दुसरे असतात. वीज कंपनी वेगळी, पाणी देणारं महामंडळ वेगळं. आदेश निघाला आणि आदेश पाळला गेला या दोन गोष्टींमध्ये तीन कार्यालयं असतात, आणि खरी गोष्ट तिथेच घडते.

एका औद्योगिक वसाहतीवरच्या अभ्यासाचं उदाहरण देतो. वसाहत कुठली, राज्य कुठलं, ते मुद्दाम सांगत नाही. गट तरुण होता, हुशार होता. बंदचे आदेश आधीच्या वर्षापेक्षा बरेच वाढले होते, आणि ‘उद्योगांवर धाक बसला’ असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी झाली होती. मी म्हटलं, यातली एक फाइल शेवटपर्यंत वाचू. फाइल डाय-इंटरमीजिएट, म्हणजे रंगांसाठी लागणारी रसायनं, बनवणाऱ्या कारखान्याची निघाली. वर बंदचा आदेश, त्याखाली वीज कंपनीला पाठवलेली प्रत. वीज तोडल्याचा अहवाल कुठेच नाही. पुढचाच कागद कारखान्याचं हमीपत्र, त्यामागे वाढीव बँक गॅरंटी (अट मोडली तर मंडळाला जप्त करता येणारी हमीची रक्कम) आणि मग सशर्त पुन्हा सुरू करण्याचा आदेश. अटींमध्ये एक होती: ‘एमईई बसवून कार्यान्वित करणे.’ एमईई म्हणजे सांडपाण्याची वाफ करून ते आटवणारं यंत्र. आणखी मागे गेलो तर तीन वर्षांपूर्वीचा बंदचा आदेश सापडला, त्यानंतरचा पुन्हा सुरू करण्याचा आदेशही सापडला, आणि त्यात हीच अट शब्दशः होती.

गटातल्या एका मुलीने त्याच फाइलमधला फॉर्म ५ काढला. हे पर्यावरण विवरणपत्र कारखाना स्वतःच भरतो. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं विवरण ३० सप्टेंबरपर्यंत द्यावं लागतं. ज्या वर्षात कारखाना कागदावर बंद होता, त्या वर्षी त्याचं उत्पादन आणि पाण्याचा वापर दोन्ही आधीच्या वर्षापेक्षा जास्त होते. ही माहिती कारखान्याने स्वतःच्या सहीने दिली होती. अहवालात मात्र हीच फाइल यशस्वी कारवाई म्हणून मोजली गेली होती.

म्हणून माझी सवय अशी: एका कारखान्याला वहीत एक पान. डावीकडे मंडळाने काय लिहिलं ते, उजवीकडे प्रत्यक्षात कुणी काय केलं ते, तारखेसह. वीज तोडली का? बँक गॅरंटी जप्त झाली, की नुसती मुदत वाढवून घेतली? पुन्हा सुरू होण्याआधी अट पूर्ण झाल्याची पाहणी कुणी केली? उजवी बाजू रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवायची, अंदाजाने भरायची नाही. अशा मोजक्या फाइली नीट वाचल्या की पोर्टलवरून उतरवलेल्या हजार ओळींच्या एक्सेलपेक्षा जास्त कळतं. एक्सेल उतरवून आठवड्यात अहवाल संपवणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. कार्यालयात बसून फाइल वाचायची तयारी नसेल तर दुसरा विषय घ्यावा.

नमुन्याचा आकडा आला की तो खरा मानणं

गुजरातमध्ये कारखान्यांचं पर्यावरण लेखापरीक्षण खासगी लेखापरीक्षक करत, आणि त्यांना नेमणारा व पैसे देणारा खुद्द कारखानाच असे. २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरत भागात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मंडळाबरोबर एक प्रयोग केला. चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीच्या लेखापरीक्षकांच्या अहवालांत सुमारे ७ टक्के कारखाने ही मर्यादा ओलांडत होते. स्वतंत्र फेरतपासणीत हे प्रमाण ५९ टक्के निघालं. लेखापरीक्षकांचे बहुतेक आकडे १५० च्या जरासे खाली दाटीवाटीने बसलेले होते. मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली: लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, पैसे सामाईक निधीतून द्यायचे, काही मोजमापं पुन्हा तपासायची. अहवाल खरे यायला लागले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

यावरून एक साधी तपासणी मी प्रत्येक अभ्यासात करतो. सरासरी काढण्याआधी सगळे आकडे एका रेषेवर मांडतो. बीओडी आणि सीओडी म्हणजे सांडपाण्यातली घाण विघटित व्हायला किती ऑक्सिजन लागतो याची दोन मापं, पहिलं जिवाणूंमार्फत, दुसरं रसायनांनी. बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडीची २५०. बीओडीची वाचनं २७, २८, २९ अशी रांगेत असतील आणि ३१ ते ४० मध्ये कुणीच नसेल, तर त्या आकड्यांवर निष्कर्ष उभा करू नका. खरं सांडपाणी असं शिस्तीत वागत नाही.

नमुना घेतल्याची वेळ बघा. फाइलमधले सगळे नमुने सकाळी अकरा ते दुपारी चारमधले असतील, तर रात्री नाल्यात काय जातं याबद्दल ती फाइल काहीच सांगत नाही. घेतल्याची जागाही बघा: ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) आउटलेटचा नमुना आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या नाल्याचा नमुना यांची तुलना होत नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत. नमुना कोर्टात टिकणारा आहे का? जल कायद्याच्या कलम २१ मध्ये त्याची रीत दिली आहे: कारखान्याला तिथल्या तिथे सूचना, मागणी झाली तर नमुन्याचे दोन भाग, सीलबंद बाटल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या. ही रीत पाळली नसेल तर तो निकाल खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. नेहमीच्या पाहणीत घेतलेले ढीगभर नमुने आणि कलम २१ खालचे मोजके नमुने यांचं प्रमाण काढा. मंडळाला कोर्टात जायचं होतं की नुसती नोंद ठेवायची होती, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

कारखान्यातलं प्रदूषण सतत मोजून आकडे थेट मंडळाला पाठवणाऱ्या ऑनलाइन मीटरचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना असे मीटर बसवायला सांगितले. ‘डेटा जोडला आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका. तासन् तास एकच आकडा दाखवणारी सपाट रेघ, नेमक्या वेळी तुटलेलं कनेक्शन आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर अचूक मोजतो का या तपासणीची, शेवटची तारीख शोधा.

बाकीच्या, थोडक्यात

पावसाळ्यातली नदीची वाचनं उन्हाळ्यातल्या वाचनांशी जोडून ‘सुधारणा’ दाखवू नका.

तपासण्या वाढल्या म्हणजे प्रदूषण घटलं असं नाही. गुजरातमध्येच याच संशोधकांनी नंतर दाखवलं की सरसकट वाढवलेल्या तपासण्यांनी सरासरी उत्सर्जन कमी झालं नाही. वाईट कारखान्यांकडे अधिकाऱ्यांचं लक्ष आधीपासून होतं, जादा फेऱ्या मात्र सगळीकडे विखुरल्या गेल्या.

फक्त कारखाने पाहू नका. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५५ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. या नद्यांमधली मोठी घाण शहरांच्या न शुद्ध केलेल्या सांडपाण्याची आहे. मंडळाने महापालिकेवर काय केलं, हा प्रश्न ज्या अभ्यासात नाही तो अर्धाच आहे.

कारवाई ज्या तारखेची, त्या तारखेचा कायदा लावा. जनविश्वास कायद्याने हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आणला, तो १ एप्रिल २०२४ पासून. जल कायद्याची २०२४ ची अशीच दुरुस्ती मात्र सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच होती. इतर राज्यांत विधानमंडळाच्या ठरावानंतर. त्यामुळे ‘खटले घटले’ असं लिहिण्याआधी खटल्याची तरतूद शिल्लक होती का ते पाहा.

मंजूर पदं आणि भरलेली पदं यांचा आकडा घेतल्याशिवाय अधिकाऱ्यांना आळशी ठरवू नका. दोन तालुके आणि शेकडो कारखाने एका क्षेत्र अधिकाऱ्याकडे असतील तर त्याच्या पायाला चाकं लावली तरी पुरं पडणार नाही.

आणि माहिती अधिकारात ‘सर्व कारवाईची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज टाकू नका. त्याला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर येतं, मग नवशिके महिनाभर अपिलात अडकतात आणि मंडळ माहिती दडवतं असं लिहून टाकतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये अभिलेखांची पाहणी करण्याचा हक्क आहे, तो मागा. शिवाय जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे संमतिपत्रांची (मंडळाने कारखान्यांना अटींसह दिलेल्या परवानग्यांची) नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि संबंधित माणसाला ती कार्यालयीन वेळेत बघता येते. आधी ती नोंदवही पाहा, त्यातून कारखान्यांची नावं आणि संमतिपत्रांचे क्रमांक घ्या, आणि अर्जात नेमक्या त्याच फाइली मागा.