टॉवेलांचा गठ्ठा आणि इंग्रजीचं क्रियापद

मराठी माध्यमातून शिकून सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या परीक्षेच्या, तयारीला लागलेली आपल्या सोलापूरची मुलं इंग्रजी व्याकरणाला घाबरतात आणि घाबरूनच जाडजूड पुस्तकातले सगळे नियम पाठ करायला बसतात. मी सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत बसून ही तयारी केली आणि आता तिथल्याच नवीन मुलांचं इंग्रजी संध्याकाळी घेतो. माझं ठाम मत आहे की नियम पाठ करण्याआधी आपली मराठी वाक्यं नीट बघावीत. कर्ता-क्रियापदाच्या आणि सर्वनामांच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

चुकांची पहिली जागा लांब गेलेल्या कर्त्याची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुणालाही विचारा, तो 'टॉवेलांचा गठ्ठा आला' असंच म्हणेल. 'गठ्ठा आले' म्हणणार नाही, कारण मराठीत मुख्य शब्द, म्हणजे गठ्ठा, क्रियापदाला चिकटून बसतो. इंग्रजीत क्रम उलटतो: 'द बंडल ऑफ टॉवेल्स हॅज अराइव्ड.' आता क्रियापदाच्या शेजारी टॉवेल्स आले, बंडल लांब राहिलं. कान शेजारचा शब्द ऐकतो आणि हात 'हॅव'वर टिक करतो. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो मधे 'ऑफ', 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' घालून कर्ता आणखी लांब नेतो. 'द टीचर, अलाँग विथ हिज स्टुडंट्स, इज वेटिंग' यात थांबलाय तो टीचर, म्हणून 'इज'. सरावात असा मधला तुकडा पेन्सिलीने कंसात टाका आणि उरलेलं वाक्य वाचा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, तिथे पेन्सिल चालत नाही. पण तोवर डोळ्यांनीच कंस टाकायची सवय लागलेली असते.

याला अपवाद आहेत, त्यातला एक हमखास विचारतात. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे संख्या, म्हणून 'इज'. अंतराचंही लक्षात ठेवा. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना ४५ किलोमीटर म्हणजे एकच पल्ला वाटतो, इंग्रजीलाही तसंच वाटतं: 'फॉर्टी-फाइव्ह किलोमीटर्स इज अ लाँग वॉक.'

दुसरी जागा 'आणि'ची. मराठीत आपण 'एक वही आणि दोन पेनं हरवली' म्हणतो, तसंच 'दोन वह्या आणि एक पेन हरवलं'ही म्हणतो. वस्तूंच्या बाबतीत क्रियापद शेवटच्या शब्दाकडे बघतं. इंग्रजीत दोन वेगळ्या वस्तू 'अँड'ने जोडल्या की अनेकवचन, शेवटी काहीही असो. शेजारच्या शब्दाकडे बघायची आपली ही सवय इंग्रजीत 'ऑर' आणि 'नॉर'ला चालते: 'नीदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स वेअर प्रेझेंट.' मुलांना हे असं समजावलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरी जागा आदराची. 'सर आले नाहीत, ते आजारी आहेत' हे वाक्य डोक्यात घेऊन मुलं बेधडक 'दे आर इल' लिहितात. वडिलांना 'ही' (he) म्हणायला जीभ वळत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतली आणि अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मुलंही इथेच अडतात, कारण त्यांच्या भाषांतही आदरार्थी अनेकवचन आहे. इंग्रजीत आदर सर्वनामात बसत नाही. माणूस एक, तर 'ही' किंवा 'शी', मग ते राष्ट्रपती असोत की आजोबा.

सर्वनामाचं रूप ओळखायला एक सोपा उपाय आहे. 'माय फ्रेंड अँड मी (me) वेंट' बरोबर वाटत असेल तर मित्राला बाजूला काढा. 'मी वेंट' कुणी म्हणत नाही, म्हणून 'आय'. 'बिटवीन'नंतर मात्र 'यू अँड मी'च, तिथे 'आय' कितीही सभ्य वाटला तरी चूक. 'हू' की 'हूम' असा प्रश्न आला तर उत्तर मनात द्या: उत्तरात 'ही' बसला तर 'हू', 'हिम' बसला तर 'हूम'.

'ईच', 'एव्हरीवन', 'नोबडी' एकवचनी, यात वाद नाही. वाद त्यांच्या सर्वनामाचा आहे. 'एव्हरीवन शुड डू देअर ड्यूटी' आज सर्रास लिहिलं जातं. एपीए या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या लेखन-नियमावलीने २०१९च्या सातव्या आवृत्तीत एकवचनी 'दे'ला मान्यता दिली आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द निवडला. मला स्वतःला हा बदल योग्य वाटतो. तरी आपल्याकडच्या परीक्षांचं वळण जुनंच आहे, म्हणून पर्यायांत 'हिज' आणि 'देअर' दोन्ही असतील तर 'हिज'वर टिक करा.

हल्ली जुळे सोलापूरकडून एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, देणारी एखाद-दुसरी मुलगी येते. तिच्या रीडिंग-रायटिंगमध्ये २७ प्रश्नांचे दोन भाग असतात, प्रत्येकी ३२ मिनिटं. तिथेही लांब गेलेला कर्ता हटकून भेटतो. शिवाय 'इट्स'चा अपॉस्ट्रॉफी विचारतात: जिथे 'इट इज' वाचून अर्थ लागतो तिथेच तो द्यायचा. सीजीएलच्या टियर १मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण जातो. म्हणून चूक शोधायच्या वाक्यात आधी क्रियापदावर बोट ठेवा, मग त्याचा कर्ता शोधा, मग सर्वनाम कुणासाठी आलंय ते बघा. या तिन्ही गोष्टी नीट असतील तर काळ आणि शब्दयोगी अव्ययांकडे वळा.