रोबोटिक्स टीमची पैशांची बाजू: सीझनआधी काय हाताशी हवं

हे त्या मुलांसाठी, ज्यांच्याकडे यंदा रोबोटऐवजी टीमचे पैसे आलेत. फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेचा नवा गेम सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि त्यानंतर बांधणीवाले तुमच्याशी "मोटर कधी येतायत?" यापलीकडे काही बोलत नाहीत. तेव्हा जमेल तितकं गणपतीच्या आधी उरका.

बजेट, स्पॉन्सरांची यादी, विनंतीपत्राचा मसुदा हे कुणीही सांगेल. करा. मला बोलायचंय बिलांबद्दल.

प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या, संस्थेच्या नावाने. टीमच्या नावाने नाही, सरांच्या नावाने नाही, आणि नावाच्या जागी 'कॅश' लिहिलेलं तर नाहीच. आपल्याकडे बँक खातं आणि पॅन बहुतेक वेळा शाळेचं नसतं, शाळा चालवणाऱ्या संस्थेचं असतं. पॅनवर जसं छापलंय तसंच्या तसं नाव फोनमध्ये ठेवा आणि काउंटरवर दाखवा, तोंडी सांगू नका. गेल्या सीझनला बुधवार पेठेतून वायरी, कनेक्टर, क्रिंपिंगचं पक्कड असं सगळं कच्च्या चिठ्ठीवर आणलं. ऑफिसातल्या अकाउंटंट काकांनी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली आणि गठ्ठा तसाच परत सरकवला. बरोबरच केलं त्यांनी, ऑडिटला काय दाखवणार होते? पैसे आईबाबांच्या खिशातून गेले ते गेलेच.

दुकानदार विचारतो, "बिल हवंय? मग जीएसटी लागेल." लागू दे. या मालातल्या बहुतेक गोष्टींवर १८ टक्के आहे, तो बजेटमध्ये आधीच धरा म्हणजे काउंटरवर मोह होणार नाही. बिल मिळालं की दुकानाच्या पायरीवरच त्याचा फोटो काढा. छोट्या मशिनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. टिकावं म्हणून ते लॅमिनेट करायला जाऊ नका, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. साधी झेरॉक्स काढा आणि मूळ बिल तिला जोडा. टेम्पोवाला बिल देत नाही, त्याच्यासाठी व्हाउचर बनवा: तारीख, कुठून कुठे, रक्कम, त्याची सही. रोख रक्कम ५,००० च्या वर गेली तर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्पही लागतो.

आता पैसे आणायचे कुठून. 'सीएसआरमधून द्या', म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामासाठीच्या पैशातून द्या, असं सरसकट सगळ्यांना लिहू नका, हसतात लोक. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना लागू होतं: नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असेल तर. भोसरीतल्या शेडमध्ये लेझर कटिंग करणाऱ्या काकांना ते लागू नाही, त्यांच्याकडे साधी देणगी मागा. मोठ्या कंपनीला संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा द्यायचा असेल, तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आहे का हे ऑफिसात आधी विचारा. नसेल तर तिथे वेळ घालवू नका. आणि मार्चमध्ये कंपन्यांकडे जाऊ नका, तोवर वर्षाचं सगळं वाटून झालेलं असतं.

८०जी बद्दल, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीबद्दल, नातेवाईक हमखास विचारतात. वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीतल्या काकांना नुसती पावती मिळेल. २,००० च्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन, तेही थेट संस्थेच्या खात्यात. सरांच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. कुणी पत्रा फुकट कापून दिला, शीट दिली, तर वस्तूरूप मदतीला ८०जी नाही. सुंदरसं आभारपत्र द्या.

अमेरिकेतला मामा. यात भलेभले अडकतात. मामाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर प्रश्न नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला तो घेताच येत नाही. आधी पासपोर्ट विचारा. अवघडल्यासारखं होतं, तरी विचारा.

स्पॉन्सरच्या करारावर तुम्ही सही करायची नाही. १८ च्या आतल्यांना १८७२ च्या करार कायद्याने करार करता येत नाही, सही संस्थेच्या अधिकाऱ्याचीच. टी-शर्टवर लोगो छापायचा असेल तर ती देणगी की जाहिरात, हे संस्थेच्या सीएला आधी विचारा. आभार म्हणून नाव लिहिणं वेगळं, मालाची जाहिरात वेगळी, दुसऱ्यात जीएसटीचा प्रश्न येतो.

परदेशातून येणारे भाग: ऑर्डर लवकर द्या. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघा, नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटीही बजेटमध्ये घाला. पार्सल कस्टम्समध्ये थांबलं की कुरियरवाले केवायसी मागतात, कागद तयार हवेत. आणि इथेही बिल! विक्रेत्याचं इन्व्हॉइस, कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, ड्यूटी भरल्याची पावती, तिन्ही हवेत. कुणाच्या तरी आईच्या नावाने पार्सल मागवलं तर पुन्हा तेच, इन्व्हॉइसवर संस्था नाही आणि अकाउंटंट काका ते परत सरकवणार. ऑर्डर देतानाच बिलिंगच्या रकान्यात संस्थेचं नाव घाला. नंतर बदलून देत नाहीत.

परीक्षकांना द्यायचा टीमच्या कामाचा पोर्टफोलिओ मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त १५ पानांचा. पैशांच्या बाजूला त्यात फार तर दीड-दोन पानं मिळतील. किती मागितले, किती आले, कुठे गेले, पुढच्या वर्षी टीम कशी चालणार, एवढं बास. खोटे आकडे नकोत, परीक्षक खोदून विचारतात.

स्पर्धेला जाताना: तिकिटं, पालकांची संमतीपत्रं, राहण्याचं बुकिंग. हॉटेलचं बिल चेकआउटलाच घ्यायचं, संस्थेच्या नावाने. जेवणाचंही. रोबोटची १२ व्होल्टची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड आहे, ते लिहिलेला कागद विमानतळावर हाताशी ठेवा. रोबोटच्या पेटीचं वजन आदल्या रात्री करा.

ह्यूस्टनच्या जागतिक फेरीला निवड झाली तर मजा आहे, पण ती एप्रिलमध्ये असते. निवड होईल तेव्हा होईल, पासपोर्ट आत्ताच काढा. व्हिसाच्या तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत.

सीझन संपला की स्पॉन्सरांना एक पानाचा अहवाल, फोटोसकट. टीमचा ईमेल बारावीला गेलेल्या कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका, पासवर्ड पुढच्या मुलांना द्या, रिकव्हरीचा फोन नंबरही बदला.